नसीमआपा ओलीस राहिल्या तो दिवस

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग एका डोंगरी खोऱ्यातल्या फील्ड अँब्युलन्समध्ये, म्हणजे फौजेच्या पुढच्या दवाखान्यात होती. ट्रेड नर्सिंग असिस्टंट, हुद्दा हवालदार. पेन्शनवर भिवंडीजवळच्या वळ गावी, घरी आलो, तेव्हा आमच्या भाताच्या खाचरांवर गोडाऊन उभी होती. धाकटा भाऊ तिथेच कामाला होता. मला म्हणाला, ‘दादा, तूपन ये. खुर्ची हाय, पंखा हाय.’ मी महिनाभर बसलो आणि उठलो. भिवंडी शहरात पल्स पोलिओच्या फेऱ्यांसाठी सुपरवायझर हवे होते. माजी सैनिक, त्यात मेडिकलचा माणूस, म्हणून मला घेतलं.

ही गोष्ट दोन हजारच्या दशकातली. तेव्हा फेरीमागून फेरी चालायची. रविवारी बूथ, सोमवारपासून घरोघर. मला यंत्रमागांच्या, लूमच्या वस्तीतला एक भाग मिळाला. त्यात खजूरवाली गल्ली होती.

फौजेत लस द्यायला कुणाचं मन वळवावं लागत नाही. फॉल इन, बाही वर, नेक्स्ट. रांग संपली की रिपोर्ट. कुठली लस, कशासाठी, हे विचारणारा जवान मी चोवीस वर्षांत पाहिला नाही. इथे पहिल्याच आठवड्यात एका बाईने मला विचारलं, ‘पोलिओ के लिए दरवाजे तक आते हो. बुखार के लिए क्यों नहीं आते?’ मी तिला पोलिओची माहिती सांगितली. तिने ऐकून घेतली आणि दार लावलं.

माझ्या टीममध्ये नसीमआपा होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने बारीक, चाल भरभर. मूळच्या भिवंडीच्याच. कोकणी मुसलमान, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायच्या, आणि युपीहून आलेल्या लूम कामगारांच्या घरात सफाईदार हिंदीत. त्यांनी मला दारावरचं काम शिकवलं.

‘फौजीभाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात का आतल्या बाईला बाहेरचं काय दिसत नाय. जरा बाजूला व्हा.’

मी बाजूला झालो.

‘आणि एक. ज्याला भीती हाय त्याला माहिती द्या. ज्याला राग हाय त्याचं आधी ऐकून घ्या. दोघांना एकच चित्र दाखवू नका.’

भीती होती. या थेंबांनी पुढे मुलं होणार नाहीत, असं लोक बोलायचे. गेल्या महिन्यात दिले, परत का, असं विचारायचे. या प्रश्नांना उत्तरं होती आणि आपा ती शांतपणे द्यायच्या. गटाराचं पाणी जिथे साचतं तिथे हा रोग सहज पसरतो, एका डोसाने सगळ्या पोरांना पुरेसं बळ येत नाही, म्हणून पुन्हा द्यावा लागतो. त्यांचं ऐकून बरीच दारं उघडायची. रागाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतं. गल्लीत गटार तुंबलेलं, नळाला पाणी तासभर, दवाखाना लांब. या सगळ्यावर आमच्या खांद्यावरच्या पेटीत काहीच नव्हतं.

अशाच एका फेरीचा घरोघरचा तिसरा दिवस, बुधवार. सकाळी टीम आत गेल्या. मी नाक्यावरच्या चहाच्या टपरीजवळ मोटारसायकल लावून उभा होतो. लूमचा आवाज त्या भागात कायम असतो. बोलताना माणूस आपोआप वरच्या पट्टीत जातो. दुपारच्या अजानच्या थोडं आधी मला जाणवलं की टपरीवाल्याचं साधं बोलणं मला स्पष्ट ऐकू येतंय. खजूरवाल्या गल्लीतल्या लूम थांबल्या होत्या.

वीज गेली असं वाटलं. पण टपरीतला पंखा फिरत होता.

तेवढ्यात आपांची जोडीदारीण धावत आली. कॉलेजात शिकणारी मुलगी, पहिलीच फेरी. तिला धाप लागली होती. ‘काका, आपांना घरात कोंडलंय. बाहेरून कडी घातली. एका घरात बाळ गेलं पहाटे. रविवारी बूथवर त्याला डोस दिला होता.’

‘तुला लागलंय?’

‘नाही.’

‘आपांना?’

‘माहीत नाही.’

मी तिला टपरीवर बसवलं आणि मेडिकल ऑफिसरना फोन लावला. डॉक्टर सावंत मॅडम. तिशीतल्या, कामाला कडक, खोटा धीर न देणाऱ्या.

‘मॅडम, खजूरवाली गल्ली. एक बालमृत्यू. लोक म्हणतात डोसमुळे. आपा आत अडकल्यात.’

‘गर्दी किती?’

‘लूम बंद करून आलेत. म्हणजे सगळेच.’

‘पोलिसांना कळवते.’

‘कळवा. पण व्हॅन नाक्यावर थांबू द्या. आत नको. व्हॅन आत आली तर आपांना काही होईल.’

‘आणि तुम्ही?’

‘मी आत जातो. मयतीच्या घरी जातो.’

मग त्या म्हणाल्या, ‘वाद घालू नका. डोसाची बाजू मांडू नका. आधी बाळाला काय झालं होतं ते विचारा. मी अर्ध्या तासात नाक्यावर पोचते.’

मी मोहिमेची टोपी आणि ओळखपत्र दोन्ही दिसतील अशी घातली. लपवाछपवी नको. हात मोकळे ठेवले, गल्लीच्या मधोमध चाललो, घाई केली नाही. खोऱ्यात मेडिकल पेट्रोलला असंच चालायचो. तिथे माझ्या मागे जवानांचं सेक्शन असायचं. इथे मागे कुणी नव्हतं, आणि हे माझ्या पाठीला कळत होतं.

वीस पावलं गेलो असेन, गर्दी आडवी आली. चेक्सचा शर्ट घातलेला एक तरुण पुढे झाला. त्याच्या हातात लोखंडी सळई होती.

‘किधर?’

‘मयत वाले घर.’

‘तुम्हीं लोगों ने मारा और तुम्हीं आओगे?’

‘घर दिखा दो. वो कहेंगे जाओ, तो चला जाऊँगा.’

त्याने सळई माझ्या छातीला टेकवली. मारली नाही, फक्त टेकवली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. मागून कुणी म्हातारा म्हणाला, ‘जाने दे. मातम में आए को रोकते नहीं.’ सळई बाजूला झाली.

घर म्हणजे लूमच्या कारखान्यामागची एक खोली. पुरुष नुकतेच कब्रस्तानातून परतले होते. बाळाचा बाप, इक्बाल, दाराबाहेर भिंतीला टेकून बसला होता. कपड्यांना माती. वय पंचवीसच्या आसपास. समोरच्या घराच्या दाराला बाहेरून कडी होती आणि खिडकीच्या गजामागे मला नसीमआपांचा चेहरा दिसला. ओढणीचं टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलं होतं. त्यावर रक्त होतं. त्यांनी मान हलवून मला खूण केली, की ठीक आहे.

मी इक्बालसमोर जमिनीवर बसलो. सगळे उभे, मी खाली.

‘दो बूँद पिलाया,’ तो म्हणाला. ‘आज मिट्टी दे के आया हूँ.’

‘डोसाने असं होत नाही’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. विचारलं, ‘क्या हुआ था उसे?’

तो सांगायला लागला. आधी तुटक, मग सलग. शनिवारी रात्री बाळाला जुलाब सुरू झाले. रविवारी सकाळी थोडं बरं वाटलं म्हणून बायको त्याला बूथवर घेऊन गेली. रविवारी रात्री उलट्या. सोमवारी कामावर सुट्टी मिळाली नाही. मंगळवारी एका दवाखान्यात नेलं, तिथे सुई दिली आणि परत पाठवलं. नंतर बाळ रडायचंसुद्धा थांबलं. घरच्यांना वाटलं, झोप लागली. बुधवारी पहाटे गेलं.

तो बोलत होता तसतशी गर्दी जवळ आली. जुलाब डोसाच्या आधी सुरू झाले होते, हे त्याच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलं. मी ते अधोरेखित केलं नाही. बापाला त्या क्षणी हिशेब दाखवायचा नसतो.

‘तुम लोग हर महीने आते हो,’ तो म्हणाला. ‘उँगली पे निशान लगाते हो, दीवार पे निशान लगाते हो. मेरा बच्चा तीन दिन पड़ा था. कोई आया?’

‘नहीं आया,’ मी म्हणालो.

‘क्यों?’

‘मेरे पास जवाब नहीं है.’

चेक्सच्या शर्टवाला काहीतरी बोलायला लागला, पण म्हाताऱ्याने त्याला हाताने थांबवलं.

तेव्हा आतून इक्बालची आई म्हणाली, ‘अब इसको भी वही लगा है.’

दाराचा पडदा अर्धा सरकलेला होता. आत चटईवर तीन वर्षांची मुलगी पडली होती. इक्बालची मोठी लेक, मरियम. शेजारी तिची आई सलमा, डोळे सुजलेले, मुलीच्या केसांतून हात फिरवत बसलेली. मुलीचे डोळे अर्धे उघडे होते आणि खोल गेलेले. ओठ कोरडे. एक माशी तिच्या गालावर बसली आणि उठली नाही, आणि मुलीने हात हलवला नाही.

माझ्या कामात मी एवढं शिकलो आहे की रडणाऱ्या पेशंटला थोडा वेळ असतो. गप्प पेशंटला नसतो.

मी उठलो. चार हात एकदम माझ्या छातीवर आले. ‘हाथ मत लगाना.’

‘नहीं लगाता. अम्मा, आप देखो. पेट की चमड़ी चुटकी में पकड़ो. हाँ. अब छोड़ दो.’

म्हातारीने सोडलं. चिमटीची घडी तशीच राहिली. हळूहळू, फार हळूहळू खाली गेली. दारातल्या सगळ्यांनी पाहिली. माझ्या मागे कुणीतरी ‘या अल्लाह’ म्हणालं.

‘बदन का पानी खत्म हो गया है. सलाइन चाहिए. अभी. नाके पे डॉक्टर खड़ी है, उनके साथ अस्पताल जाएँगे.’

‘सरकारी में? सुई लगा के इसको भी मार देंगे.’

‘एक को ले गए, दूसरी भी ले जाओ.’

‘कोई नहीं जाएगा.’

आवाज चढले. सळई परत दिसली. इक्बाल भिंतीला धरून उभा राहिला, पण त्याला काही सुचत नव्हतं. बाप हो म्हणाला तर गल्ली विरोधात, नाही म्हणाला तर पोरगी हातची जाणार. मी घड्याळ पाहिलं नाही. मुलीच्या छातीकडे पाहत होतो.

समोरच्या खिडकीतून आपांचा आवाज आला. मोठा नव्हता. पण लूम बंद होत्या, सगळ्यांना ऐकू गेला.

‘मुझे रख लो.’

लोक वळले.

‘बच्ची को जाने दो, मुझे यहीं रखो. वो ठीक होके आएगी तब कड़ी खोलना. नहीं आई, तो मैं तुम्हारे सामने हूँ. मैं कहीं नहीं भागूँगी, मेरा घर भी इसी शहर में है.’

मी मराठीत म्हणालो, ‘आपा, असं न्हाय चालणार.’

‘तुम्ही जा.’

‘मी तुम्हाला इथं सोडून…’

‘फौजीभाऊ, वेळ नाय तिच्याकडे. जा.’

ती ऑर्डर होती. मी कर्नलपासून सुभेदारापर्यंत अनेकांच्या ऑर्डर पाळल्या आहेत. त्यापेक्षा ही वेगळी नव्हती.

सलमाने कुणालाच विचारलं नाही. तिने मुलीला उचललं, दुपट्ट्यात गुंडाळलं आणि उंबरा ओलांडला. नुकतंच मूल गेलेल्या बाईला अडवायला एकाही पुरुषाचा हात पुढे आला नाही. इक्बाल तिच्या मागे, मी इक्बालच्या मागे. गर्दीने वाट दिली.

नाक्यावर सावंत मॅडम रिक्षा चालू ठेवून उभ्या होत्या. व्हॅन दूर, चौकाच्या पलीकडे होती. रिक्षातच मॅडमनी पुडी फोडून बाटलीत ओआरएस केलं आणि ओठाला लावलं. मुलीला गिळता येत नव्हतं. त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि ड्रायव्हरला एवढंच सांगितलं, ‘थांबू नका.’

दवाखान्यात शीर सापडेना. शरीरातलं पाणी गेलं की शिरा मिटतात. हाताला दोनदा प्रयत्न झाला. पायाला झाला. इक्बाल दाराला धरून उभा होता आणि प्रत्येक वेळी सुई टोचली की त्याचं डोकं चौकटीवर आपटत होतं. त्याला ते कळत नव्हतं. मी मुलीचा पाय धरला होता. माझ्या बोटांखाली नाडी लागत होती, मग लागत नव्हती, मग लागत होती.

‘धरा,’ मॅडम म्हणाल्या. ‘हलू देऊ नका.’

घोट्याजवळ शीर मिळाली. बाटली चालू झाली.

इक्बाल आत आला. ‘इसमें क्या है?’ बाटलीकडे बोट. मला वाटलं, मॅडम कामात आहेत, रागावतील. त्यांनी बाटलीवरचं लेबल त्याच्याकडे फिरवलं आणि एकेक शब्द वाचून दाखवला. मीठ, पाणी, अजून दोन-तीन क्षार. मग मघाची ओआरएसची बाटली त्याच्या हातात दिली. ‘हे तोंडाने द्यायचं. चाखून बघा.’ त्याने तळहातावर घेऊन चाखलं.

‘आँसू जैसा है,’ तो म्हणाला.

‘हो,’ मॅडम म्हणाल्या. ‘तेवढंच खारट असायला हवं.’

मी बाहेर येऊन आपांना फोन लावला. रिंग वाजली, कुणी घेतला नाही. तीन-चारदा परत लावला. बंद. त्यानंतर दर थोड्या वेळाने लावत राहिलो. बंद. व्हॅनमधल्या सब-इन्स्पेक्टरला मॅडमनी फोनवरून रोखून धरलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबतो, म्हणाला. त्यानंतर आत जाणार. त्याचंही चूक नव्हतं.

फौजेत मी माणसं मागे सोडून आलेलो नाही. जखमी असो, मृत असो, आणतो. त्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी उभा होतो आणि माझं माणूस मागे होतं.

ऊन उतरताना सलमाने आतून हाक मारली. आवाज घाबरलेला नव्हता. मरियमने लघवी केली होती. चादर ओली झाली म्हणून सलमा माफी मागत होती. मॅडम भिंतीला टेकून खाली बसल्या आणि डोळे मिटले. मी इक्बालला समजावलं की लघवी झाली म्हणजे अंगात पाणी पोचलं, यापेक्षा चांगली खबर आज मिळणार नव्हती. थोड्या वेळाने मुलीने ‘अम्मी, पानी’ म्हटलं. इक्बालने त्याचा फोन काढला आणि गल्लीत लावला. रडत होता, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

मी आणि इक्बाल गल्लीत परतलो तेव्हा कडी उघडी होती. आपा निघून गेल्या नव्हत्या. कारखान्याच्या ओट्यावर बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या, शेजारी चहाचा रिकामा कप. सकाळच्या धक्काबुक्कीत त्यांच्या काचेच्या बांगड्या फुटून मनगट चिरलं होतं. कुणीतरी हळद लावून फडकं बांधलं होतं.

‘फोन का बंद?’ मी विचारलं.

‘चार्जिंग संपली. तुम्हीच सारखा लावत होतात.’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘या बाजूच्या नळाचं पाणी बघा. पंधरा दिवस वास येतोय म्हणतात. या ओळीतली सात-आठ पोरं आजारी हायत. कुणी विचारलंच न्हाय, म्हणून कुणी सांगितलं न्हाय.’

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या गल्लीतलं डोसाचं काम थांबवलं. वरून फोन आला, त्यांनी उत्तर दिलं, ‘आत्ता थेंब घेऊन गेले तर पुढची दहा वर्षं कुणी दार उघडणार नाही.’ आम्ही ओआरएस आणि क्लोरिनच्या गोळ्या घेऊन गेलो. आजारी पोरं शोधली, दोघांना दवाखान्यात हलवलं. गटारातून जाणारी नळाची लाइन एका जागी फुटली होती. ती दुरुस्त करून घ्यायला आम्हाला पालिकेत फेऱ्या माराव्या लागल्या, आणि त्या फेऱ्यांत चेक्सच्या शर्टवाला रोज आमच्याबरोबर होता. बोलायला तिखट, कामाला चांगला.

पुढच्या फेरीला आपा पेटी घेऊन आत गेल्या, तेव्हा इक्बाल कारखान्यातून बाहेर आला आणि त्यांच्यापुढे चालू लागला. त्या दिवशीचा पहिला डोस मरियमला त्याच्याच मांडीवर दिला. बहुतेक दारं उघडली. सगळी नाही. कोपऱ्यावरच्या घरात कुलसूम नावाची बाई होती, तिने नातवाला कधीच डोस देऊ दिला नाही. तिच्या दारात आपा प्रत्येक फेरीला थांबायच्या, दहा मिनिटं बोलायच्या, पोलिओचा विषय तिने काढला तरच काढायच्या, आणि पुढे जायच्या.

दोन वर्षांनी आपांना कावीळ झाली. आपा प्रत्येक घरात पाणी मागून प्यायच्या. मी बाटली देऊ केली तर म्हणायच्या, ‘त्यांच्या हातचं पाणी मी प्यायले न्हाय, तर त्यांनी माझ्या हातचे थेंब का घ्यावे?’ कुठल्या घरातल्या पाण्याने झालं ते कळायला मार्ग नव्हता. आठवडाभर अंगावर काढली. नंतर मॅडमनी दाखल केलं, पण उशीर झाला होता. मी भेटायला गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे होते. त्यांनी विचारलं, ‘कोपऱ्यावर जाता ना?’ मी म्हणालो, ‘जातो.’ दोन दिवसांनी त्या गेल्या.

जनाज्याला मी होतो. इक्बालने माझा हात धरून मला पुढे घेतलं आणि खांदा द्यायला लावला. कब्रस्तानात मी रांगेत मागे उभा राहिलो. ना बिगुल, ना ध्वज. सगळ्यांनी माती टाकली, मीही टाकली.

पुढची फेरी जवळ आली. मॅडमनी विचारलं, आपांच्या जागी कोण. मी सलमाचं नाव दिलं. ती आधी नाही म्हणाली, मग इक्बालशी बोलून हो म्हणाली. पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. कोपऱ्यावरच्या दारात ती थांबली. मी बाजूला उभा राहिलो.

कुलसूमने दार उघडलं. सलमाच्या खांद्यावरची पेटी पाहिली. मग म्हणाली, ‘तू? तेरा बच्चा तो इसी से गया था.’

सलमाने पेटी खाली ठेवली.

‘नहीं, खाला. पानी से गया. गंदे पानी से.’ तिचा आवाज हलला, पण ती थांबली नाही. ‘और हमको मालूम नहीं था कि वो मर रहा है. हम समझे सो रहा है.’

कुलसूमच्या मागे नातू येऊन उभा राहिला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. त्या दिवशी तिने डोस देऊ दिला नाही. पण दारही लावलं नाही. चटई टाकली आणि सलमाला म्हणाली, ‘बैठ. क्या नाम था उसका?’

‘फैजान,’ सलमा म्हणाली. ‘आठ महीने का था.’

मी बाहेरच थांबलो.